मेजुबोंगचे आठ मीटर

६ ऑगस्ट, मंगळवार

एकतीस वर्षं बस चालवली आणि एकतीस वर्षं रोज फेऱ्यांची नोंद लिहिली. निवृत्त झाल्यापासून हाताला चैन नाही. आता निमित्त मिळालं आहे. परवाच्या रविवारी सोगोक गिर्यारोहण मंडळाने मला प्रमुख नेमलं. गुक दादांचे गुडघे गेले, म्हणून वीस वर्षांनी त्यांनी आपली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, "जोंगगु, माणसं वर कुणीही नेतो. खाली आणायला अक्कल लागते." माझ्या अकलेबद्दल त्यांना खात्री आहे की शंका, ते काही कळलं नाही.

प्रमुख म्हटलं की मनगटावर काहीतरी हवं. मंडळातल्या सोकचं घड्याळ थेट उपग्रहांशी बोलतं, पण त्याला दर तीन दिवसांनी चार्ज करावं लागतं. गेल्या महिन्यात ते ऐन कड्यावर गतप्राण झालं आणि सोक आम्हालाच वेळ विचारत खाली आला. असली श्रीमंती मला नको. हवेचा दाब, दाबावरून उंची, दिशा, आणि उन्हावर चालणारा सेल, एवढं पुरे.

बाजारात प्योबाईंचं घड्याळांचं दुकान आहे. पाटीवर अजून नवऱ्याचंच नाव आहे, तो जाऊन आठ वर्षं झाली. त्यांनी तीन घड्याळं मांडली. एक फार देखणं होतं, मी त्यालाच हात घातला.

"थांबा," प्योबाई म्हणाल्या आणि ऑगस्टच्या उकाड्यात मला लोकरीचे हातमोजे घालायला लावले. "आता बटणं दाबा."

दोन घड्याळं तिथेच नापास झाली. तिसरं दिसायला ओबडधोबड, पण बटणं ठळक, काच कडेपेक्षा आत बसलेली, आकडे चष्म्याशिवाय दिसणारे. दीड लाख वॉनांत आलं. माहितीपुस्तिका मात्र शब्दकोशाएवढी. "ड्रायव्हरसाहेब, वाचा हं ती," असं बाईंनी दोनदा बजावलं. हो म्हटलं. सध्या ती नूडल्सच्या भांड्याखाली आहे.

११ ऑगस्ट, रविवार

पहिलीच चढाई, आपला घरचा डोंगर मेजुबोंग. सोयाबीनची वाळत टांगलेली ढेप असते ना, तसा दिसतो, म्हणून हे नाव. जिल्ह्याने 'सातशेवरची सात शिखरं' अशी योजना काढली, त्यात याचा नंबर सातवा. सातही शिखरांच्या दगडांपाशी फोटो काढले की चांदीचं पदक मिळतं. त्यामुळे रविवारी माथ्यावर रांग लागते. माणसं डोंगर दीड तासात चढतात आणि दगडाशी फोटोसाठी पाऊण तास उभी राहतात. खाली पायथ्याशी गुक वहिनींचं ओकच्या बियांच्या वड्यांचं दुकान आहे, ते या रांगेवरच चालतं.

माथ्यावरचा दगड आमच्या मंडळाने उभा केलेला, गुक दादा प्रमुख असताना. त्यावर खोल कोरलंय : मेजुबोंग, ७०४ मीटर.

सकाळी रेल्वे स्टेशनवर घड्याळ लावून घेतलं होतं. तिथे फलाटावर उंचीची पाटी आहे, २१२ मीटर. माथ्यावर सगळे गोळा झाले. मी मोठ्या थाटात बाही वर केली.

६७६.

"बांग प्रमुख," सोक मला आडनावाने हाक मारत म्हणाला, "उरलेले अठ्ठावीस मीटर खिशात आहेत काय?"

हसून हसून लोकांच्या हातातल्या माकगोल्लीच्या वाट्या हिंदकळल्या. निम्मी दारू माझ्या घड्याळावर सांडली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

तणतणत प्योबाईंकडे गेलो. घड्याळ काउंटरवर आपटणार होतो, पण बाईंनी ते आधीच अलगद काढून घेतलं.

"याला दारूचा वास येतोय."

"त्याने प्यायली नाही. सांडली."

"आणि ही डाव्या कडेची भोकं टाचणीने कुणी कोरली?"

त्या भोकांतूनच घड्याळ हवा चाखतं म्हणे. टाचणी घातली की आतला पडदा फाटतो. दारू, घाम, चिखल काहीही लागलं तरी कोमट गोड्या पाण्यात धरायचं, मऊ कापडाने टिपायचं, सावलीत वाळवायचं. नशीब, माझी टाचणी बोथट होती.

मग अठ्ठावीस मीटरचं विचारलं. बाई म्हणाल्या, "पुस्तिकेचं सव्विसावं पान."

"ते जरा… ओलं आहे."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःच सांगितलं. घड्याळाला वाटतं हवा नेहमी बाराएक अंशांचीच असते. उन्हाळ्यात हवा फुगते, विरळ होते. मग तेवढंच चढलं तरी दाब कमी उतरतो आणि घड्याळ उंची कमी सांगतं. थंडीत हवा आखडते, तेव्हा बरोबर उलटं. "म्हणजे यात घड्याळाचा दोष नाही. ऑक्टोबरात बघा, आकडा जागेवर येईल."

पैसे विचारले तर म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी परत दाखवून जा." दोष नसलेली वस्तू परत कशाला दाखवायची? पण कारागिराचं ऐकावं.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज बाईंनी मला खरोखर झाडलं. रविवारी चढून आल्यावर मंडळासोबत जिमजिलबांगला, म्हणजे घाम काढायच्या स्नानगृहात गेलो आणि नव्वद अंशांच्या मातीच्या भट्टीत घड्याळ घालून बसलो. त्यावर 'शंभर मीटर पाण्यात सुरक्षित' असं लिहिलंय, भट्टीत पाण्याचा टिपूस नाही, मग भीती कसली? शिवाय दाब किती होतो ते बघायचं होतं. वीस मिनिटांनी काचेआड ढग जमले.

"शंभर मीटर गार पाण्यात!" प्योबाई म्हणाल्या. "उकडलेल्या रबरात नाही! वाफ पाण्यापेक्षा लबाड असते, कुठूनही शिरते. माझ्याकडे येणारी निम्मी घड्याळं तुम्ही पुरुष असेच शिजवून आणता."

त्यांनी पाठ उघडली, ओल टिपली, रबराची बारीक कडी बदलली, नखाएवढं ग्रीस लावलं. काम चालू असताना मला जवाचा चहा दिला आणि उकडलेली रताळी. दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाला रताळी देताना दिसल्या नाहीत. बहुधा माझ्यासाठी जास्त वेळ लागत होता म्हणून.

जाताना विचारलं, "मंडळात बायका घेता का?"

म्हटलं, चांगले बूट लागतात. तर काउंटरखालून नवे कोरे बूट काढून दाखवले. गिऱ्हाइकाचे असतील असं वाटलं होतं, पण त्यांच्याच मापाचे निघाले.

१५ सप्टेंबर, रविवार

मेजुबोंग. ६८४. मधल्या वेळात बाकीच्या सहांपैकी तीन शिखरांवर गेलो, तिथेही गरमीमुळे आकडा थोडा कमी, पण प्रमाणात. इथे आठएक मीटर जास्तच कमी. वहीत लिहून ठेवलं. प्योबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. चढताना एकदाही बसल्या नाहीत, सोक पाच वेळा बसला.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज हवा अगदी पुस्तिकेतली. खाली चौदा अंश, वर दहा. दाबाची रेघ सकाळपासून सपाट. स्टेशनवर २१२, माथ्यावर ६९६. परत स्टेशनवर २१२.

म्हणजे घड्याळ खरं आहे आणि दगड खोटा आहे.

मला इतका आनंद झाला की फलाटावर एकटाच हसलो. घरी येईपर्यंत तो आनंद पार उतरला होता. दगड कुणी लावला ते आठवलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज बाजारात गेलो नाही. गुक दादांकडे गेलो. दादा दुकानामागे ओकच्या बिया सुकवत होते, वहिनी पुढे गिऱ्हाइकांत. आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं, पण माझ्या तोंडून आडवळण निघत नाही. बसही मी कायम सरळ रस्त्यानेच नेली.

"दादा, आठ मीटर कुठून आले?"

दादांनी बियांचा एक थर उलथला. मग हळू आवाजात म्हणाले, "तिचं ऑपरेशन झालं होतं बघ, हृदयाचं. खोलीबाहेर पडायला तयार नव्हती. मी म्हटलं, वर्षभरात तुला सातशे मीटरवर नेऊन दाखवतो. रोज थोडं थोडं चालवलं. पण दुसरा डोंगर तिला झेपणारा नव्हता रे. हाच एक. माथ्यावर बसली, धापा टाकत होती, ओठ निळे पडले होते. विचारलं, 'झाले का सातशे?' मी काय सांगू? चार कमी आहेत? म्हटलं, 'सातशे चार!' लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली."

"आणि दगड?"

"तिने खरा आकडा कुठे वाचला तरी दगडच खरा वाटावा, म्हणून कोरून टाकलं. योजना-बिजना तेव्हा कुठे होती? जिल्हा कचेरीवाले सहा वर्षांपूर्वी आले, दगडावरचा आकडा लिहून घेऊन गेले. आता मी कुणाला काय सांगू?"

तेवढ्यात वहिनी वड्यांची ताटली घेऊन आल्या. "भावजी, तोंड का असं उतरलंय? खा." मी खाल्लं. कांद्याची पात, सोयासॉस, लाल तिखट, सगळं जागच्या जागी होतं, तरी अर्धी ताटली ठेवून मी निघालो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

जे व्हायला नको होतं तेच झालं. कुणा पर्यटकाने कचेरीच्या सूचनाफलकावर लिहिलं की फोनमध्ये मेजुबोंगची उंची सातशेच्या आत येते. कचेरीने मला पत्र धाडलंय : पर्यटन विभागाच्या मोक मॅडम येतील, मंडळाच्या प्रमुखांनी उपकरणाने उंची मोजून दाखवावी आणि प्रमाणपत्रावर सही करावी. तारीख माझ्या सोयीची.

सही! एकतीस वर्षांत एकदाही खोट्या नोंदीवर सही केली नाही. एकदा थांब्यावर चाळीस सेकंद आधी पोचलो होतो, तेही लिहिलं. आणि खरं लिहिलं तर मेजुबोंग यादीतून गेला, रांग गेली, वहिनींचं दुकान गेलं. त्याहून वाईट म्हणजे दादांचा आकडा वहिनींच्या कानावर जाणार. निळ्या ओठांनी वाजवलेल्या टाळ्या फुकट गेल्या असं त्या माउलीला वाटणार. मला दोन दिवस झोप नाही.

प्योबाईंना सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, त्यांच्या काउंटरशी उभं राहिलं की बोललं जातं.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "दहा नोव्हेंबर द्या."

"येत्या रविवारी उरकून टाकतो. जिवाला घोर नको."

"दहा नोव्हेंबर. त्याआधी मला सवड नाही."

आता यांच्या सवडीचा काय संबंध? पण बाईंनी अशा नजरेने पाहिलं की मी कचेरीला दहा नोव्हेंबरच कळवलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

प्योबाईंनी घड्याळ ठेवून घेतलं. म्हणे नव्या रबराला बसायला बारा दिवस लागतात. सप्टेंबरात तर तासात बसलं होतं. मनगटावर उन्हाने उरलेला पांढरा पट्टा तेवढा आहे, त्याच्याकडेच वेळ बघायला जातो.

३ नोव्हेंबर, रविवार

घड्याळाशिवाय चढाई. थंडी पडायला लागली. दादा पायथ्याशी बसून होते. मला बघून उठले आणि माझ्या जॅकेटची चेन वरपर्यंत ओढून दिली. मी ठरवलंय, खरं तेच लिहायचं आणि शिट्टी परत करायची. दादांना सांगायचं धैर्य मात्र झालं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

सविस्तर लिहितो, कारण हे पुन्हा घडणार नाही.

सकाळी स्टेशनवर प्योबाईंनी घड्याळ दिलं. फलाटावर २१२ लावलं. खाली दहा अंश, तोंडातून वाफ येत होती. मोक मॅडम जेमतेम पंचवीसच्या, कचेरीतल्या चपट्या बुटांत आलेल्या. आल्या आल्या विचारलं, "फार चढ आहे का हो, आजोबा?" आजोबा! बासष्ट वर्षांच्या माणसाला!

गुक दादा गुडघ्यांना पट्टे बांधून आमच्यासोबत निघाले. सगळ्यांनी नको म्हटलं, पण ऐकेनात. मला कळत होतं, त्यांना शिक्षा ऐकायला स्वतः हजर राहायचं होतं. वाटेत तीन ठिकाणी मी त्यांना हात दिला. तिसऱ्यांदा त्यांनी तो सोडलाच नाही.

माथ्यावर वारा बोचरा, सहा अंश. दगडाशी मोक मॅडम कॅमेरा घेऊन उभ्या. मंडळाचे अकरा जण गोल करून. मनातल्या मनात वाक्य घोळवत होतो : मॅडम, सहाशे शहाण्णव. बाही वर केली.

७०२.

मी घड्याळ हलवलं. ७०२. काहीच कळेना. तोंड उघडणार, तेवढ्यात प्योबाई मध्ये पडल्या.

"अगंबाई, ही पोरगी गारठलीय! मॅडम, आधी बसा. उपकरणाला हवा अंगी लागू दे, तसं पुस्तिकेत आहे." आणि पिशवीतून किमबापच्या भाताच्या गुंडाळ्या, उकडलेली अंडी, थर्मासमधला कढत चहा असं सगळं काढलं. मोक मॅडमनी दोन अंडी खाल्ली, मग तिसरं. बाई अंडी सोलत होत्या, पण डोळे पश्चिमेकडे. तिकडून करडा ढग सरकत होता. मधूनच माझं मनगट ओढून दाबाची रेघ बघत आणि पुन्हा अंडं सोलत. एवढं काय खायला घालायचं एखाद्याला, असं मला वाटलं.

वीस मिनिटांनी ढग डोक्यावर आला. प्योबाई उठल्या, मांडीवरची टरफलं झाडली. "आता बघा."

बाही वर केली. ७०४.

मोक मॅडमनी घड्याळ आणि दगड दोन्ही एका फोटोत घेतले. सोकने स्वतःच्या घड्याळात बघायला बाही मागे सारली, ते पुन्हा बंद पडलं होतं. टाळ्या झाल्या. गुक दादा दगडाला टेकून खाली बसले आणि टोपीने तोंड झाकून रडले. लोकांना वाटलं गुडघे दुखतायत. मी सही केली. जे दिसलं तेच लिहिलं : 'उपकरणाने दाखवलेली उंची ७०४ मीटर.' त्यातलं एक अक्षर खोटं नाही.

उतरताना अर्ध्या वाटेत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थंडीत उलटं, घड्याळ उंची जास्त सांगतं, म्हणून सहा वाढले. ढग आला, दाब उतरला, आणखी दोन. कॅलेंडरवरचं ते बोट. रबराचे बारा दिवस, म्हणजे त्याआधी मी मोजूच नये! मी मागे वळून पाहिलं. प्योबाई शांतपणे उतरत होत्या, जणू काही झालंच नाही.

"बाई, तुम्ही…"

"सव्विसावं पान, ड्रायव्हरसाहेब. खाली बघून चाला."

स्टेशनवर परत आलो तेव्हा घड्याळ २१५ दाखवत होतं. आकडा तपासायचा तर हेही नोंदवायला हवं होतं. कुणी विचारलं नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी वहिनींच्या दुकानात गेलो. काल गर्दीत बोलता आलं नव्हतं. दादा आत झोपले होते, गुडघे सुजलेत. वहिनींनी वड्या पुढे ठेवल्या, ताटली नेहमीपेक्षा दुप्पट. समोर बसल्या आणि दाराकडे एकदा बघून म्हणाल्या,

"भावजी, बरं केलंत."

"मी काय केलं? घड्याळाने केलं."

"दगड कोरणारा माझा मामेभाऊ आहे," वहिनी म्हणाल्या. "कोरायच्या आदल्या दिवशीच येऊन म्हणाला होता, ताई, दाजींनी आठ जास्त सांगितलेत, काय करू? मी म्हटलं, खोल कोर."

घास माझ्या हातातच राहिला.

"मग इतकी वर्षं…?"

"इतकी वर्षं ते मला चढवून आणल्याच्या आनंदात आहेत. तो कशाला मोडायचा? त्या दिवशी ते चार मीटर कमी म्हणाले असते ना, तर मी तिथून उठलेच नसते. आणि हे बघा, त्यांना सांगायचं नाही हं."

मी मान हलवली. डोळे पुसले, तिखटाचं निमित्त होतंच.

घरी येऊन भांड्याखालची पुस्तिका काढली, पानं सोडवून वाळवली आणि अथपासून इतिपर्यंत वाचली. घड्याळ कोमट पाण्यात धुतलं, टिपलं, कान लावून ऐकलं, सगळी बटणं दाबून बघितली. सेल भरलेला, पट्टा घट्ट, काच स्वच्छ, रेघ सपाट. ठणठणीत आहे. कसलीही खोट नाही.

उद्या मंगळवार. प्योबाईंना जाऊन सांगणार आहे की घड्याळ बिघडलंय.